कथा, वर्ग आणि छापील पुस्तक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कथा-कादंबऱ्या लिहिते, सांगलीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि मिरजेत राहते. पत्रांतून, व्याख्यान संपल्यावर, तास सुटल्यावर वर्गाच्या दारात मला जे प्रश्न नेहमी विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. नव्यानं लिहिणाऱ्यांचे प्रश्न सर्वांत जास्त असतात, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे.

रोज लिहिता का? कोणत्या वेळी?

कॉलेज चालू असतं तेव्हा पहाटे. नळाला पाणी यायच्या आधीचा वेळ माझा. पाणी आलं की घर जागं होतं आणि मग डबे, बस, हजेरी. विद्यापीठाची पेपर तपासणी किंवा नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, कागदपत्रं चालू असतात त्या दिवसांत नवं काही लिहीत नाही. तेव्हा जुने खर्डे वाचते, समासात खुणा करते. तेही लेखनच आहे. रोज अमुक इतके शब्द झालेच पाहिजेत असा नेम मी कधी धरला नाही आणि विद्यार्थ्यांनाही सांगत नाही. रोज कथेजवळ जाऊन बसणं मात्र सांगते. चार दिवस गेलं नाही तर पात्रं परकी होतात, आणि पुन्हा ओळख करून घेण्यात आठवडा जातो.

हातानं लिहिता की संगणकावर?

पहिला खर्डा हातानं, कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे रुंद समास सोडून. दुसरा खर्डा टाइप करताना होतो. मी नुसती नक्कल करत नाही. टाइप करायचा कंटाळा आला ते वाक्य बहुधा नको असतं. संपादकांना पाठवायची फाइल युनिकोडमध्येच असू द्या. जुन्या फाँटमधून मजकूर बदलून घेतला की जोडाक्षरं आणि रफार विस्कटतात, आणि ते निस्तरण्यात मुद्रितशोधकाचा, म्हणजे प्रूफं तपासणाऱ्याचा, जो वेळ जातो तो तुमच्या कथेच्या वाट्याचा असतो.

गोष्ट सुचते कशी?

कुणीतरी असं काही करतं की त्याचा उलगडा होत नाही, तिथून. मिरजेत दवाखाने पुष्कळ. कोकणातून, कर्नाटकातून माणसं पेशंट घेऊन येतात आणि नातेवाईक बाहेर दिवस काढतात. अशाच एका व्हरांड्यात एक बाई डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी भाकऱ्या मोजल्या, सोबतच्या मुलाला दोन दिल्या, स्वतः एक घेतली आणि एक फडक्यात बांधून पिशवीच्या तळाशी ठेवली. पेशंट आत होता आणि त्याला तर दवाखान्याचंच जेवण होतं. मग ती भाकरी कुणासाठी? मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं आणि कथा गेली असती. विषय शोधून कथा लिहायला बसणाऱ्यांना मी हेच सांगते: ‘शेतकऱ्यांची व्यथा’ हा विषय आहे, त्यातून लेख होतो. कथेला एक माणूस लागतो आणि त्याची एक कृती लागते.

ओळखीच्या माणसांवर लिहिता का? घरचे रागावत नाहीत?

ओळखीच्या माणसाची लकब घेते, त्याचं आयुष्य घेत नाही. गाव, व्यवसाय, नातं बदललं की पात्र हळूहळू स्वतःच्या पायावर उभं राहतं. घरातल्या कुणाचं दुखणं, भांडण, वाटणीचा वाद हे जसंच्या तसं छापायचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही. छापल्यावर त्या माणसाला त्याच गावात राहायचं असतं.

पहिला खर्डा झाल्यावर काय करता?

या प्रश्नासाठीच हे सगळं लिहायला घेतलं, असं म्हटलं तरी चालेल. मराठीत आज लिहिणारे पुष्कळ आहेत. पुन्हा लिहिणारे कमी झाले आहेत, आणि दुसऱ्याचं लिखाण हातात पेन्सिल घेऊन वाचणारे त्याहून कमी. ‘सत्यकथा’ हे वाङ्मयीन मासिक १९८२ मध्ये बंद पडलं. त्याचे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाला सविस्तर पत्र लिहीत, कथा परत पाठवत, पुन्हा मागवत. लेखक चिडत, काही कायमचे दुरावलेही असतील. पण आपल्या कथेतला प्रत्येक परिच्छेद कुणीतरी तोलून पाहिला आहे हे त्यांना माहीत असे. आजच्या तरुण लेखकाला होकार मिळतो, नाहीतर मौन मिळतं. मधलं पत्र मिळत नाही. म्हणून ते काम आपलं आपण करायला शिकावं लागतं.

माझी रीत अशी. खर्डा फाइलीत घालून ठेवते, वाक्यं पाठ असेनाशी होईपर्यंत. मग तो मोठ्यानं वाचते. डोळा चुका सोडून देतो, जीभ सोडत नाही. जिथं अडखळते तिथं खूण. त्यानंतर पहिला परिच्छेद झाकून बघते. त्याच्याशिवाय कथा कळली तर तो जातो, आणि तो बहुतेक वेळा जातोच, कारण लेखक स्वतः कथेत शिरण्यासाठी तो लिहीत असतो. शेवटच्या परिच्छेदालाही तीच परीक्षा. मग विशेषणं. मग तपशील: त्या महिन्यात ते पीक शेतात असतं का, त्या वेळेला त्या गावाला एसटी आहे का, त्या वयाची बाई त्या काळात हे बोलली असती का. एकदा एका विद्यार्थिनीच्या कथेत ऐन गणपतीत अंगणात हळद शिजत होती. हळद काढणं, शिजवणं, वाळवणं ही कामं संक्रांतीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतची. गणपतीत ती हिरवीगार शेतात उभी असते. सांगली-मिरजेच्या वाचकाचा तिथंच विश्वास उडतो, आणि मग पुढचं दुःख कितीही खरं असलं तरी त्याला ते खरं वाटत नाही.

हे सगळं झाल्यावर खर्डा एका माणसाला देते. तो माणूस कौतुक करणारा नसावा आणि स्वतः कथा लिहिणाराही नसला तर उत्तम. त्यानं उपाय सुचवू नयेत. कुठं कंटाळा आला आणि कुठं कळलं नाही, एवढंच सांगावं. उपाय शोधणं माझं काम.

बोलीत लिहावं की प्रमाण भाषेत?

आमचा सांगली जिल्हा या बाबतीत भाग्यवान. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, शंकरराव खरात आटपाडीचे, व्यंकटेश माडगूळकर माडगुळ्याचे. या तिघांनी आपापल्या मुलखातली माणसं त्यांच्या बोलण्यासकट कथेत आणली, तेव्हा बोलीत लिहावं का हा प्रश्न इथं तरी सुटलेला आहे. उरतो तो कसं लिहावं हा. बोली म्हणजे ऱ्हस्वदीर्घ मोडलेली प्रमाण भाषा नव्हे. ती वाक्याच्या रचनेत असते, कुठं थांबायचं आणि काय गाळायचं यात असते. आमच्याकडच्या कितीतरी बायका ‘मी येतो गं’, ‘मी जेवलो’ असं म्हणतात. पात्र असं बोलत असेल तर तसंच लिहा, आणि मुद्रितं (प्रूफं) आली की ते तसंच राहिलंय का पाहा. दूरच्या शहरातला मुद्रितशोधक ते ‘येते’ करून ठेवतो. फाइलीच्या सुरुवातीला एक ओळ लिहून ठेवावी: ‘संवादातली भाषा बदलू नये.’

निवेदनाचं काय, असंही विचारतात. पात्रं बोलीत आणि निवेदक कायम प्रमाण भाषेत असला की लेखक खुर्चीवर आणि माणसं खाली बसल्यासारखी दिसतात. हे मला खटकतं. निवेदकाची भाषाही त्या मातीच्या जवळ आणता येते. ती पूर्ण बोली असायलाच हवी असं नाही.

शुद्धलेखन कच्चं आहे. आधी ते सुधारू का?

लिहायला लागा. साहित्य महामंडळाचे नियम अठराच आहेत, चौदा १९६२ चे आणि चार १९७२ चे. महिनाभर मन लावलं तर येतात. पण कथा पाठवायच्या आधी ते आलेच पाहिजेत. ‘ते प्रूफवाले बघतील’ हे मला चालत नाही.

कथालेखन शिकवता येतं का?

काही भाग येतो. दृष्टी, कळवळा, लिहिण्याची निकड हे मी कुणाला देऊ शकत नाही. पण बघायचं कसं आणि काढून काय टाकायचं, हे शिकवता येतं. माझ्या वर्गातलं एक उदाहरण देते.

एका मुलानं वडिलांवर कथा लिहिली. ते हळदीच्या सौद्याला सांगलीला जातात आणि भाव पडलेला असतो. घरी आल्यावरचं वाक्य होतं: ‘बाबा खूप निराश झाले, त्यांच्या डोळ्यांसमोर अंधार पसरला.’ मी विचारलं, ते घरी आले तेव्हा तू कुठं होतास? म्हणाला, ‘सोप्यात’, म्हणजे घराच्या पुढच्या भागात. त्यांनी आधी काय केलं? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘पट्टी काढली मॅडम खिशातनं. चष्मा नव्हता, तरी वाचली. हमाली, तोलाई सगळं बोटानं बघितलं. परत घडी घातली आणि आईला विचारलं, गॅस कधी संपतोय.’ पट्टी म्हणजे हमाली, तोलाई वजा करून दिलेली विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी. वर्ग शांत झाला. त्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं कथा पुन्हा लिहून आणली, त्यात ‘निराश’ कुठंच नव्हतं. ती पट्टी शेवटपर्यंत राहिली.

शिकवणं म्हणजे माझ्या दृष्टीनं इतकंच: मुलाला त्याच्याच घरात पुन्हा नेऊन उभं करायचं. आमच्या वर्गात येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक नसतं, आणि आपल्या घरात कथेसारखं काही घडत नाही अशी त्यांची पक्की समजूत असते. ती समजूत मोडली की निम्मं काम झालं.

शिकवण्यामुळे लेखनाचं नुकसान होत नाही का?

वेळ जातो, हे खरं. पण वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवत, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत, गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र आणि श्याम मनोहर भौतिकशास्त्र. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते. मराठी लेखक बहुतेक नोकरी सांभाळूनच लिहीत आला आहे. नोकरीमुळे मला एक मोठं स्वातंत्र्य मिळालं: जी कथा पटली नाही ती पैशासाठी छापायला द्यावी लागत नाही.

लेखनावर पोट भरतं का?

कथा-कादंबरीवर, मराठीत, फारच थोड्यांचं. हिशेब मांडून पाहा. पाचशे प्रतींची आवृत्ती, किंमत तीनशे रुपये, मानधन छापील किमतीच्या दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर पंधरा हजार रुपये, आणि त्या खपायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. पूर्वी पहिली आवृत्ती हजार-अकराशेची असे. आता पाचशे, तीनशे, कधी मागणीनुसार छपाई. प्रकाशकालाही दोष देऊन भागत नाही. कागद, छपाई, बांधणी आणि विक्रेत्याची सूट गेल्यावर त्याच्याही हातात फार उरत नाही. हे माहीत असूनही लिहावंसं वाटत असेल तर लिहा, आणि दुसरं काहीतरी काम हातात धरा.

दिवाळी अंकाला कथा कधी आणि कशी पाठवू?

का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि मराठी कथेचा सर्वांत मोठा वाचकवर्ग आजही तिथंच आहे. संपादक पावसाळ्याच्या तोंडाशी साहित्य मागवायला लागतात; गणपती येईपर्यंत अंक बहुतेक भरत आलेला असतो. म्हणून नव्या लेखकानं जूनमध्येच कथा पाठवावी. पाठवायच्या आधी त्या अंकाचे गेले दोन दिवाळी अंक वाचा. जवळच्या वाचनालयात ते मिळतात; दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, फार नसते. एकच कथा एकाच वेळी पाच अंकांना पाठवू नका. दोन ठिकाणी छापून आली तर दोन्ही संपादक तुम्हाला पुन्हा दार उघडणार नाहीत. उत्तराला किती दिवस वाट पाहावी हे पत्रातच लिहावं: ‘अमुक तारखेपर्यंत कळलं नाही तर कथा इतरत्र पाठवेन.’ यात उद्धटपणा काही नाही.

अंकाची लेखकप्रत आणि मानधन आलं नाही तर आठवण करा. मी करते.

प्रकाशक पुस्तकासाठी पैसे मागतोय. द्यावेत का?

आधी एक गोष्ट स्वच्छ करून घ्या: तुम्हाला प्रकाशक मिळतोय की छपाईची सेवा? प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो, म्हणून तो पुस्तक निवडतो, संपादन करतो आणि विकायला धडपडतो. तुमच्याकडून सगळा खर्च आधीच वसूल झाला असेल तर पुस्तक विकण्याची त्याला घाई राहत नाही. मग त्या प्रती तुमच्या पलंगाखाली येऊन पडतात. कितीतरी निवृत्त शिक्षकांच्या घरी मी हे गठ्ठे पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी जीव कळवळला आहे. फंडाचे पैसे असतात ते.

स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. पण मग सगळं उघड्या डोळ्यांनी करा. खर्च फर्म्यावर ठरतो. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकशे साठ पानांचं पुस्तक दहा फर्म्यांचं. डीटीपी (संगणकावर पानं लावणं), मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी यांची वेगवेगळी अंदाजपत्रकं मागा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो, तेव्हा ‘आयएसबीएनचा खर्च’ म्हणून मोठा आकडा लावला असेल तर तिथंच सावध व्हा. पहिल्यांदा दोनशेच प्रती छापा. आणि वाचवायचंच असेल तर मुखपृष्ठाच्या चकाकीत वाचवा, संपादकाच्या मोबदल्यात नको. शंभर रुपये खर्च करणार असाल तर त्यातले वीस तरी मजकूर नीट करून घेण्यावर जाऊ द्यात.

करारात काय पाहायचं?

करार आहे का, हे सर्वांत आधी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच करावे लागतात; फोनवरचं ‘चालेल’ पुरत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. प्रकाशकानं घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळं ठरलेलं नसल्यास तो हक्क तुमच्याकडे परत येतो. ही कलमं लेखकाच्या बाजूची आहेत आणि बहुतेक लेखकांनी ती वाचलेलीच नसतात.

‘सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे’ असं वाक्य दिसलं तर सही करू नका. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओबुक, भाषांतर, नाटक, चित्रपट हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. प्रकाशक ज्याचा वापर करणार आहे तेवढेच द्या. आवृत्ती किती प्रतींची, मानधन छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, हिशेब वर्षातून कधी मिळणार, लेखकाला प्रती किती, हे आकड्यांत लिहून घ्या. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं की तो तुमचाच असतो, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे आज केलेली सही तुमच्या नातवंडांपर्यंत जाते. मोठ्या रकमेचा किंवा चित्रपटाचा व्यवहार असेल तर वकिलाला दाखवूनच पुढं जा.

माझी कथा वाचून अभिप्राय द्याल का?

माझ्या वर्गातल्या मुलांच्या कथा वाचते. इतरांच्या वाचायला खरंच वेळ पुरत नाही, आणि वरवर वाचून ‘छान आहे, लिहीत राहा’ असं कळवणं मला जमत नाही. त्याऐवजी तुमच्या गावात चार जण गोळा करा. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या खोलीत बसा, प्रत्येकानं कथा मोठ्यानं वाचायची, आणि वाचणाऱ्यानं नंतर पाच मिनिटं एक अक्षर बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. स्पष्टीकरण द्यायची सोय नसली की कथेत काय आलंय आणि काय नुसतं डोक्यातच राहिलंय हे कळतं.

एआयकडून कथा लिहून घेतली तर?

हस्तलिखितात पुन्हा पुन्हा होणारी चूक शोधायला, टंकलेखनाला यंत्र वापरा. माझी हरकत नाही. पण त्या मुलाच्या वडिलांनी गॅसबद्दल विचारलं, हे त्या सोप्यात बसलेल्या एकट्यालाच ठाऊक होतं. ते त्यानं आठवायचं सोडून दिलं तर कथेत यायला ते दुसरीकडं कुठंच नाही.

तुमची कथा आम्हाला अभ्यासाला आहे. तुम्हाला त्यातून नेमकं काय म्हणायचं आहे?

बाळांनो, परीक्षेच्या आदल्या रात्री फोन करता, मला तुमची घाई कळते. मला जे म्हणायचं होतं ते कथेत आहे. गाइडमधला ‘संदेश’ पाठ करण्याऐवजी कथेतलं तुम्हाला खटकलेलं एक वाक्य घ्या आणि ते का खटकलं ते लिहा. मी पेपर तपासते म्हणून सांगते: असं उत्तर लिहिणाऱ्याला मार्क द्यायला आनंद होतो.

लिहिणं अडतं तेव्हा काय करता?

घरातली कामं. भाजी निवडते, कपाटं लावते, कृष्णेच्या घाटावर चालून येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी सांगलीत शिरलं, ग्रंथालयांतली पुस्तकंसुद्धा भिजली, त्यानंतर बरेच महिने मला काही लिहवेना. चिखलानं फुगलेली पुस्तकं उन्हात उघडून ठेवताना पानं एकमेकांना चिकटलेली असत; सुरीच्या पात्यानं एकेक पान सोडवावं लागे आणि शाई हाताला लागे. त्या काळात लिहिलं पाहिजे असं स्वतःवर कसलंही ओझं घातलं नाही. पुरावर कथा लिहा, असं अनेकांनी सुचवलं. अजून लिहिलेली नाही. ज्यांची घरं गेली त्यांच्या आधी घाईनं बोलायला मला नको वाटतं.

पुरस्कारांसाठी पुस्तक पाठवावं का?

पाठवा, पोस्टखर्चापलीकडे काही जात नाही. प्रवेश शुल्क घेणाऱ्या पुरस्कारांना मात्र पाठवू नका.

आमच्या गावी कार्यक्रमाला याल का?

वाचनालयानं बोलावलं असेल तर आवर्जून येते, सरकारी वर्गवारीतल्या शेवटच्या ‘ड’ वर्गाचं असलं तरी. शाल-श्रीफळ, हार, स्मृतिचिन्ह नको. त्या पैशांतून कोणत्याही मराठी लेखकांची पुस्तकं वाचनालयासाठी विकत घ्या आणि त्यांची यादी कार्यक्रमात वाचून दाखवा. भाषणाऐवजी प्रश्नोत्तरं ठेवलीत तर मला जास्त आवडेल. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा असतात, तेव्हा जमणार नाही. रविवार असू द्या आणि वेळ दुपारची ठेवा, म्हणजे मिरजेची संध्याकाळची गाडी मिळते.